सोडियम ११२ होतं तेव्हा आई कुठे होती? (मन आणि शरीर वेगळं असतं का, यावर)

आंबेमोहर

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच. गेल्या महिन्यात आईला अ‍ॅडमिट केलं होतं. वय ७४, बीपी सोडलं तर तब्येत ठणठणीत, भाजी स्वतः आणते, पेपरातलं शब्दकोडं पेनाने सोडवते, पेन्सिल घेतच नाही. दोन दिवस नुसती मळमळ आणि थकवा होता, आम्हाला वाटलं ऊन लागलं असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा दिला तर कप हातात धरून माझ्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "माई, आप्पांना सांग मी आज शाळेत जात नाही." माई म्हणजे माझी मावशी, जाऊन बारा वर्षं झाली. मग तिने तो चहा शांतपणे बशीत ओतला, बशी भरली तरी ओततच राहिली, आणि टेबलावर सांडलेल्या चहात बोटाने रेघा ओढायला लागली. माझ्या पोटात गोळा आला.

हॉस्पिटलात रक्त तपासलं तर सोडियम ११२. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं, त्याने वयस्कर बायकांचं असं होऊ शकतं हे तेव्हा कळलं. रक्तातलं मीठ उतरलं की पाणी पेशींमध्ये शिरतं, मेंदूच्या पेशी फुगतात आणि कवटीत फुगायला जागा नसते. मग तीन टक्क्यांचं सलाईन लावलं, तेही अगदी हळू, कारण घाईने चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून दिवसाला आठ-दहाच्या वर वाढू द्यायचं नाही. दर सहा तासांनी रक्त. मी मोबाइलवर आकडे लिहून ठेवत होते, ११२, ११४, ११७... दुसऱ्या दिवशी रात्री १२४ झालं तेव्हा तिने मला माझ्या नावाने हाक मारली. १२८ ला विचारलं, "गॅसचा नंबर लावलास का?"

आकडा चढत होता तशी आई परत येत होती, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तेव्हा भेटायला आलेले एक काका म्हणाले, अगं ती आत आहेच, बिघडलाय तो देह, आतलीला काय होतंय. धीर द्यायला म्हणाले, मला त्यांच्याबद्दल काही वाईट वाटलं नाही. पण रात्रभर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून तोच विचार, की आत म्हणजे कुठे? मला माई समजून बोलत होती ती कोण मग? आतली आई शाबूत होती तर ती त्या बाईला बोलू का देत होती?

बीएला तत्त्वज्ञान होतं माझं, त्यातला देकार्त (सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ) तेवढा आठवत होता, मन म्हणजे विचार करणारं द्रव्य, शरीर म्हणजे जागा व्यापणारं द्रव्य, दोन्ही पूर्ण वेगळी, परीक्षेला दहा मार्कांचा प्रश्न. घरी आल्यावर परत वाचायला घेतलं आणि त्यात सापडली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ, जिच्याबद्दल आम्हाला वर्गात एक अक्षर सांगितलं नव्हतं. राज्य गेलेलं घराणं, नेदरलँड्समधल्या हेगमध्ये आसरा घेऊन राहिलेले लोक, आणि मे १६४३ मध्ये ही २४ वर्षांची मुलगी देकार्तला पत्र लिहून विचारते की आत्मा जर जागाच व्यापत नाही तर तो शरीराला हलवतो कसा? एखादी वस्तू हलवायची तर तिला ढकलायला लागतं, ढकलायचं तर टेकायला लागतं, टेकायचं तर पृष्ठभाग लागतो, आणि तुम्ही तर म्हणता आत्म्याला यातलं काहीच नाही.

देकार्तने उत्तर दिलं की बघा, वजन कसं वस्तूला खाली नेतं, तिथे कुठे काय टेकतं, तसंच समजा. यावर ती जूनमध्ये लिहिते की वजनाची ती कल्पना तर तुम्हीच खोडून काढली आहे, मग तिच्या आधाराने मी हे का मानू, त्यापेक्षा आत्म्यालाच थोडी लांबी-रुंदी आहे हे मानणं मला सोपं जाईल. आणि त्याच पत्रात पुढे आणखी एक गोष्ट आहे जी वाचून मी पुस्तक मिटून बसले. ती म्हणते, ज्या आत्म्याला नीट विचार करायची सवय आहे, जो शरीराशिवाय राहू शकतो आणि ज्याचं शरीराशी काहीच साम्य नाही, तो थोड्याशा वाफांनी आपली सगळी बुद्धी कशी काय हरवून बसतो? (शरीरातून वाफा मेंदूत चढतात असं तेव्हाचं वैद्यक मानायचं.)

वाफांच्या जागी सोडियम घाला. माझा प्रश्न तिने ३८० वर्षांपूर्वी विचारून ठेवलाय, आणि देकार्तचं यावरचं उत्तर काय, तर शरीर-मनाचं एकत्र असणं हे रोजच्या जगण्यात इंद्रियांनी कळतं, त्यावर डोकं फार शिणवू नका. ती परत लिहिते, इंद्रियांनी हे कळतं की आत्मा शरीराला हलवतो, पण कसा ते नाही कळत.

मला वाटतं तिथेच तो वाद संपायला हवा होता. मन शरीरापासून वेगळं काढता येत नाही असं माझं आता ठाम मत झालंय. तुमचं काय मत आहे, खरंच ऐकायचंय.

नितळ

आधी आईंना लवकर बरं वाटो. खूप मनापासून लिहिलंय तुम्ही.

एलिझाबेथला अभ्यासक्रमात जागा मिळत नाही याचं एक कारण असंही आहे की देकार्त गेल्यावर तिने स्वतःची पत्रं छापायला नकार दिला होता, ती छापून आली एकदम १८७९ मध्ये. नाहीतर देकार्तचं १६४४ चं पुस्तक तिलाच अर्पण केलेलं आहे आणि १६४९ चं भावनांवरचं पुस्तक तर तिच्या प्रश्नांतूनच निघालं.

पण देकार्तवर अन्याय नको म्हणून एक सांगते. मन शरीरात खलाशी जहाजात बसतो तसं बसलेलं नाही हे त्याने स्वतःच लिहिलंय. जहाजाला भोक पडलं तर खलाशी ते बघतो, त्याला दुखत नाही, आपल्याला मात्र जखम झाली की दुखतं. म्हणजे अडचण त्याला दिसत होती, फक्त त्याच्या मूळ मांडणीत त्या दुखण्याला बसवायला जागा नव्हती.

ती मूळ मांडणी कुठे चुकते ते त्याच्याच काळात आर्नो नावाच्या तरुण पाद्र्याने दाखवलं होतं, १६४१ मध्येच. देकार्तचं लॉजिक थोडक्यात असं, की मला शरीर आहे याची शंका घेता येते, मी विचार करतोय याची शंका घेता येत नाही, म्हणजे शरीर सोडून मी माझी स्पष्ट कल्पना करू शकतो, म्हणून मी शरीराहून वेगळा. आर्नो म्हणतो, समजा एखाद्याला काटकोन त्रिकोण नीट माहितीय पण कर्णाचा वर्ग बाकीच्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो याची त्याला शंका आहे. तो त्रिकोणाची कल्पना पायथागोरस सोडून अगदी स्पष्ट करू शकतो. म्हणून काय त्रिकोण आणि तो गुणधर्म वेगळे झाले? कल्पनेत सुटं करता आलं याचा अर्थ एवढाच की आपल्याला अजून पूर्ण माहिती नाही. नववीतल्या भूमितीने त्याला अडवलंय, आणि देकार्तने यावर लांबलचक उत्तर दिलं तरी मला ते कधी पटलेलं नाही.

चंद्रभागा_७

ताई, आईंची काळजी घ्या. माझ्या घरी तीन पिढ्यांची वारी आहे त्यामुळे मी दुसऱ्या बाजूने बोलणार, राग मानू नका.

पहिली गोष्ट म्हणजे मन आणि आत्मा हे एक नव्हेच आपल्याकडे. सांख्य दर्शनवाल्यांकडे बघा, मन, बुद्धी, अहंकार तिन्ही प्रकृतीची, म्हणजे जडाच्या बाजूची, पुरुष तेवढा वेगळा, तो नुसता बघणारा. त्यामुळे मीठ कमी झालं आणि मन-बुद्धी डगमगली तर त्यात आम्हाला धक्का बसण्यासारखं काहीच नाही, मन शरीरापासून वेगळं नाही हे तर आम्ही मान्यच करतो. युरोपातल्या लोकांनी विचार, आठवण, इच्छा सगळं उचलून आत्म्याच्या पदरात टाकलं, मग वाफांनी गोंधळ झाला की ते अडकले.

दुसरं, मेंदू बिघडला की माणूस बिघडतो यावरून मेंदू म्हणजेच माणूस हे कसं ठरलं? रेडिओ बिघडला की गाणं खरखरतं, म्हणून गाणं काही रेडिओत तयार होत नाही. स्टेशन चालूच असतं. विल्यम जेम्ससारख्या मानसशास्त्रज्ञाने पण १८९८ मध्ये असंच मांडलंय, की मेंदू चैतन्य तयार करत नसेल, नुसतं वाहून आणत असेल.

व्हॉल्व्ह_काका

रेडिओचा विषय निघाला म्हणून पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय, एरवी वाचनमात्र असतो. ३५ वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं माझं, व्हॉल्व्हच्या सेटपासून ट्रान्झिस्टरपर्यंत सगळं हाताखालून गेलंय.

सेट बिघडला की काय काय होतं ते सांगतो. कंडेन्सर गेला की भुणभुण येते. स्पीकरचा कागद फाटला की आवाज फाटतो. ट्यूनिंग सरकलं की स्टेशन जागेवर सापडत नाही किंवा दोन स्टेशनं एकात एक लागतात. आवाज बारीक होतो, घोगरा होतो, मधेच जातो. पण एवढ्या वर्षांत एकही गिऱ्हाईक असं आलं नाही की काका, सेट पडल्यापासून बातम्या देणारी बाई खोटं बोलायला लागलीय, किंवा गाणारीला अंतराच आठवत नाही, किंवा आमच्या सेटवरची मंडळी पूर्वी सभ्य होती आता शिव्या देतात. हे सेटच्या बिघाडाने होऊच शकत नाही, कारण ते स्टेशनात तयार होतं.

माणसात नेमकं हेच होतं. माझ्या मोठ्या भावाला अर्धांगाचा झटका आला डाव्या बाजूला मेंदूत, त्याला नंतर सगळं समजायचं पण नाम आठवायचं नाही, किल्लीला "ते दाराचं", पेल्याला "ते पाण्याचं". आणि तो आयुष्यभराचा रागीट माणूस, त्यानंतर कशावरही रडायला लागला, जाहिरात बघून पण. आवाज तोच होता, अगदी स्वच्छ. म्हणजे सेट नीट वाजत होता आणि कार्यक्रम बदलला होता. अमेरिकेत १८४८ मध्ये रेल्वेच्या कामावरच्या फिनिअस गेजच्या डोक्यातून साडेतीन फुटी लोखंडी सळई आरपार गेली, तो वाचला पण मित्र म्हणाले हा आता गेज राहिला नाही, हे मी पूर्वी वाचलं होतं, भावाला बघितल्यावर पटलं. चंद्रभागाताई, तुमच्या श्रद्धेला माझा नमस्कार आहे, मी पण तुळशीमाळ घालतो, पण रेडिओचा दाखला इथे चालत नाही.

चंद्रभागा_७

काका, हे मान्य करायलाच लागेल. रेडिओचा दाखला मागे घेते. पुरुषाचा मुद्दा मात्र राखून ठेवते.

उंबरठा

मला तत्त्वज्ञानातलं फार कळत नाही पण हा विषय माझ्या अंगावरून गेलाय म्हणून लिहिते.

अकरावीपासून मला पाळीच्या वेळी प्रचंड दुखायचं, म्हणजे भिंतीला धरून खाली बसायचे असं. सुरुवातीला सगळ्यांनाच दुखतं म्हणाले, मग लग्नानंतर एका डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून सांगितलं की रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे हे मनाचं आहे, छंद लावून घ्या काहीतरी. दुसऱ्यांनी पण तेच. आठ वर्षं मी हे ऐकलं. आठ वर्षांनी दुर्बिणीतून बघितलं तर एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार, आतडं चिकटलेलं होतं.

आता राग त्याचा नाही की निदान उशिरा झालं. राग या वाक्याचा आहे, "शरीरात काही नाही म्हणजे मनाचं आहे." जणू दोन खोल्या आहेत, एका खोलीत डोकावून बघितलं, तिथे काही दिसलं नाही की दुसरीत ढकलून दार लावायचं. आणि दुसऱ्या खोलीतलं दुखणं खोटं, लाडाचं, स्वतः ओढवून घेतलेलं. त्या आठ वर्षांत मला खरंच डिप्रेशन आलं होतं, झोप जायची, आणि झोप गेली की दुखणं दुप्पट, दुखलं की परत झोप नाही. यात मन कुठलं आणि शरीर कुठलं ते मला आजही कात्रीने कापून दाखवता येणार नाही. ऑपरेशन करणाऱ्या बाईंनी पहिल्या भेटीत एकच विचारलं, दुखतं तेव्हा तुम्ही काय करायचं थांबवता? मी म्हटलं मुलाला उचलून घ्यायचं. त्यांनी ते लिहून घेतलं. इतक्या वर्षांत कोणी माझं वाक्य कागदावर लिहिलं नव्हतं.

म्हणून मला हा वाद पुस्तकातला वाटत नाही. दोन वेगळ्या वस्तू आहेत असं मानलं की कुणाचं तरी दुखणं नेहमी चुकीच्या खोलीत जातं.

आंबेमोहर

उंबरठा, तुझं वाचून बराच वेळ काही टाइपच करता येईना. एलिझाबेथचं पण असंच काहीसं आहे गं, १६४५ मध्ये तिला बारीक ताप आणि कोरडा खोकला धरून होता तेव्हा देकार्तनेच लिहिलं की अशा तापाचं नेहमीचं कारण दुःख असतं. म्हणजे मन आणि शरीर पूर्ण वेगळी म्हणणारा माणूस मैत्रिणीच्या आजारपणात मात्र दोन्ही एकत्रच बघतो. ती त्याला आपल्या घरच्या विवंचना लिहिते आणि म्हणते की माझं शरीर मनाच्या दुःखाने लगेच दुखावतं आणि मनाबरोबर सावरायची ताकद त्याच्यात नाही.

फिजिओवाली

एक केस सांगते, ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत. प्रेस मशीनमध्ये मनगटाच्या वर हात गेलेला कामगार, तिशीतला. हात नाही पण "मूठ आवळलेली आहे, नखं तळव्यात रुततायत, उघडताच येत नाही." रात्री रात्री झोप नाही. घरचे म्हणायचे हाताचं मनाला लागलंय.

मनाला शरीर लागत नाही असं म्हणणारे लोक हेच उदाहरण देतात, बघा, हात नाही तरी दुखतंय, म्हणजे दुखणं शरीरात नाहीच. देकार्तने स्वतः असा दाखला दिलाय, हात कापलेल्या मुलीचा, आणि निष्कर्ष काढला की वेदना हातात नसते, मेंदूमार्फत आत्म्याला कळते. पण पुढचं ऐका. आम्ही मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांची आरशाची पद्धत केली, साधा खोका, मध्ये उभा आरसा, चांगला हात आरशासमोर ठेवायचा म्हणजे त्याचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसतं. मी म्हटलं दोन्ही मुठी आवळा, आता दोन्ही हळूहळू उघडा. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याने एकदम खांदा सैल सोडला आणि म्हणाला, "उघडली मॅडम." डोळ्यांतून पाणी. मी रोज पेशंट बघते तरी माझ्या अंगावर काटा आला.

सगळ्यांना याने बरं वाटतं असं नाही, त्यालाही रोज पंधरा मिनिटं अशी कित्येक आठवडे करायला लागली. पण बघा ना, "हात नाहीये" हे त्याला माहीत होतंच, शंभर वेळा समजावून मूठ उघडली नसती. डोळ्याला हात उघडताना दिसला तेव्हा उघडली. मनाला पटवायचं तर शरीराच्याच भाषेत पटवायला लागलं. माझ्या कामात मी मन नावाचं काही वेगळं बघितलेलं नाही, बघितलंय ते हेच, दुखणारं, घाबरणारं, शिकणारं शरीर.

आणि आपली मराठी पण ऐका जरा. छातीत धस्स होतं, हातपाय गळतात, तोंडचं पाणी पळतं, पोटात माया असते, डोक्यात राख जाते. यातलं एकही वाक्य मनाबद्दल आणि शरीराबद्दल वेगवेगळं बोलत नाही.

तळटीप

सगळं वाचलं, फार चांगला धागा. पण विरुद्ध बाजू अजून नीट आलेली नाही असं वाटतं म्हणून मी मांडतो, आणि मी श्रद्धेतून बोलत नाहीये.

सोडियम, झटका, आरसा, सगळ्यातून हे सिद्ध होतं की मेंदू बदलला की अनुभव बदलतो. यावर कुणाचाच वाद नाही. वाद असा आहे की अनुभव मुळात का आहे? पेशी फुगल्या, विद्युत प्रवाह बदलला, हे सगळं मला बाहेरून सांगता येतं, पण आंबेमोहर यांच्या आईंना त्या सांडलेल्या चहात बोट फिरवताना कसं वाटत होतं ते त्या वर्णनात कुठेच येत नाही. थॉमस नेगल या तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये वटवाघळाचं उदाहरण घेऊन हेच म्हटलं, त्याचा मेंदू पूर्ण कळला तरी वटवाघूळ असणं कसं वाटतं ते कळणार नाही. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने नव्वदच्या दशकात याला अवघड प्रश्न असं नाव दिलं. आणि शंकराचार्य ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात लोकायतिकांना (शरीराहून वेगळा आत्मा नाही म्हणणाऱ्यांना) उत्तर देताना दिव्याचा दाखला देतात, दिवा असला की दिसतं आणि नसला की दिसत नाही, म्हणून बघणं हा काही दिव्याचा गुण होत नाही, दिवा साधन आहे, तसंच शरीर. रेडिओपेक्षा हा दाखला जास्त घट्ट आहे.

नितळ

तळटीप, हा खरा मुद्दा आहे, याला बगल देणार नाही.

दिव्याचं आधी. दिवा विझला तर मला दिसत नाही, पण मी अंधारात बसून विचार करू शकते, आठवू शकते, दिवा नाही म्हणून वैतागू शकते. साधन गेलं तरी वापरणारा मागे उरतो, म्हणून तर आपण त्याला साधन म्हणतो. सोडियम ११२ ला कोण मागे उरलं होतं? साधन गेलंय याची जाणीव असलेलं कोणीच नव्हतं. गिल्बर्ट राइल या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९४९ मध्ये क्रिकेटचा दाखला दिलाय तो इथे लागू पडतो. परक्या माणसाला मॅच दाखवली, हा बॉलर, हा बॅट्समन, हा कीपर, हा अंपायर. तो म्हणतो सगळे कळले, पण टीम स्पिरिटचं काम कोण करतं ते दाखवा. आता बॉलिंग, फिल्डिंग यांच्या रांगेत बारावं काम म्हणून टीम स्पिरिट नसतंच, ती सगळी कामं ज्या जिद्दीने होतात त्याला आपण ते नाव देतो. "आतली" व्यक्ती शोधणं तसंच आहे. (राइलचं सगळं मला पटत नाही, वेदना म्हणजे नुसती वागण्याची तऱ्हा नव्हे, उंबरठाच्या अनुभवावरून हे दिसतंच.)

आता अवघड प्रश्न. तो सुटलेला नाही, मान्य. पण अनुभव का आहे हे कळत नाही म्हणून तो शरीराबाहेरच्या कशाचा तरी आहे असं म्हटल्याने काय कळलं? बिनशरीराच्या द्रव्याला चहाचा ओलेपणा का जाणवावा, याचंही उत्तर कुणी दिलेलं नाही. आणि वर एलिझाबेथचा प्रश्न वाढला तो वाढलाच. एक न सुटलेला प्रश्न देऊन दोन न सुटलेले हातात घ्यायचे, हा व्यवहार मला तरी परवडत नाही.

तळटीप

दोन प्रश्न हे बरोबर आहे. पण मग मी म्हणेन की शरीर, पदार्थ याबद्दलचीच आपली कल्पना अपुरी आहे, देकार्तने पदार्थातून सगळा जिवंतपणा काढून नुसती लांबी-रुंदी ठेवली आणि आपण अजून तेच शरीर धरून भांडतोय.

नितळ

यावर मी तुमच्या बाजूला आहे, अगदी शब्दशः.

खडीसाखर

उशिरा आले. लोकायतांचं नाव निघालं म्हणून, त्यांचा दाखला असा होता की किण्व (आंबवण) वगैरे एकत्र आले की मद्याची नशा तयार होते, सुट्या वस्तूंत ती नसते, तसं पृथ्वी, पाणी वगैरे महाभूतांपासून चैतन्य. यावर पुष्कळ लिहिता येईल पण मला आंबेमोहर यांच्या आईंचं वाचून छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय आठवला आणि तोच सांगायचाय.

उद्दालक मुलाला, श्वेतकेतूला, सांगतो की अन्नाचा स्थूल भाग मळ होतो, मधला मांस होतो आणि सगळ्यात सूक्ष्म भाग मन होतो, "अन्नमयं हि सोम्य मनः". मुलाला ते कळत नाही. मग बाप वाद घालत बसत नाही, म्हणतो पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी हवं तितकं पी. सोळाव्या दिवशी मुलगा येतो, बाप म्हणतो ऋचा म्हण, यजू म्हण, सामं म्हण. बारा वर्षं गुरुकुलात घालवून आलेला मुलगा म्हणतो, मला आठवत नाहीत. बाप सांगतो, मोठ्या जाळातला काजव्याएवढा निखारा उरला तर तो काय जाळणार, तसं तुझ्या सोळा कलांपैकी (अंशांपैकी) एकच उरलीय, जा जेव आणि ये. तो जेवून येतो आणि जे विचारेल ते सगळं म्हणून दाखवतो. गवताने तोच निखारा परत पेटवावा तसं.

पुढे हाच अध्याय "तत्त्वमसि"कडे जातो हे मला माहीत आहे, आत्म्याला नाकारणारा हा ग्रंथ नाही. चंद्रभागाताई म्हणाल्या त्याला ते धरूनच आहे. पण मन कशाचं बनलंय ते दाखवायला त्या बापाने जी रीत निवडली ती मला फार थोर वाटते. पोराला उपाशी ठेवलं आणि पाठांतर विचारलं. तुम्ही दर सहा तासांनी मोबाइलवर आकडे लिहीत होता ना, तेच आहे हे.

चंद्रभागा_७

खडीसाखर, किती छान आठवण करून दिलीत. एकादशीला संध्याकाळी हरिपाठ म्हणताना अभंगाची ओळ सुटते माझी दरवेळी, आजपर्यंत वाटायचं माझी भक्ती कमी पडते.

आंबेमोहर

सगळ्यांचे खूप खूप आभार, मला खरंच अपेक्षा नव्हती इतकं कोणी लिहील. काकांचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला.

तळटीप, तुमचं म्हणणं माझ्या मनात राहणार आहे. चहात बोट फिरवताना तिला कसं वाटत होतं हे मला कधीच कळणार नाही, तिला पण सांगता येत नाही. त्या तीन दिवसांतलं तिला काहीच आठवत नाही, फक्त एवढंच की कुणीतरी पायाचे तळवे चोळत होतं आणि ते बरं वाटत होतं. ती मी होते. नाव, नातं, वार, साल सगळं गेलेलं असताना तळवे तेवढे लक्षात होते.

शेवटी मी तिलाच विचारलं. म्हटलं आई, तू त्या तीन दिवसांत होतीस कुठे? तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मी लहानपणी काहीतरी वेड्यासारखं विचारल्यावर बघायची. म्हणाली, "कुठे म्हणजे? कॉटवरच होते की."

गोळी बदललीय. परवाचं सोडियम १३४ आलं. चालणं, बोलणं, जेवण सगळं पूर्वीसारखं, शेजारच्यांना काही फरक कळत नाही. काल तिने पुरवणी काढून शब्दकोडं घेतलं, पाच-सहा शब्द भरले, मग एका उभ्या शब्दाशी बराच वेळ थांबली, पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाली पेन्सिल दे गं जरा. मी दिली. तिने तो शब्द फिकट अक्षरात लिहिला, खोडला, परत लिहिला. बरोबर होता.

सोमवारी परत रक्त द्यायचंय.